फिजीत आदराने कसं बोलावं: नव्याने जाणाऱ्यांसाठी

फिजीत उतरलेल्या मराठी माणसाला पहिल्या दिवशी वाटतं, इथे भाषेची काही अडचण नाही. विमानतळावर इंग्रजी चालतं, टॅक्सीवाला बहुतेक वेळा हिंदी बोलतो आणि 'बुला' हा शब्द तर भिंतीभिंतीवर रंगवलेला असतो. त्यामुळे नोकरीसाठी, शिकायला किंवा कुटुंबासोबत तिथे गेलेले कित्येक जण वर्षानुवर्षं 'बुला' आणि 'विनाका' या दोन शब्दांवर भागवतात. शहरात ते भागतंही. पण ऑफिसातला सहकारी कधीतरी आपल्या गावाला घेऊन जातो, शेजारी चर्चनंतर जेवायला बोलावतात, ओळखीच्या घरात कोणी वारतं. अशा ठिकाणी दोन शब्द पुरत नाहीत, कारण तिथे तुमचं बोलणं आणि तुमचं बसणं-उठणं दोन्ही एकत्र पाहिलं जातं.

फिजीचे मूळ रहिवासी म्हणजे इताउकेई लोक. त्यांची भाषा 'वोसा वाकाविती'. या भाषेत आदर तीन जागी असतो: 'नी' या छोट्या सर्वनामात, शरीर खाली ठेवण्यात, आणि काही करण्याआधी विचारण्यात. मी याच क्रमाने शिकायला सांगेन. शब्दांच्या लांबलचक याद्या पाठ करण्यात वेळ घालवू नका.

पहिली पायरी: अक्षरं बरोबर वाचा

ही भाषा रोमन लिपीत लिहितात. १८३५ मध्ये लाकेम्बा बेटावर आलेले मेथडिस्ट मिशनरी डेव्हिड कारगिल आणि विल्यम क्रॉस यांच्या कामातून ही लेखनपद्धत घडली. तत्त्व सोपं होतं, एका ध्वनीला एकच अक्षर. पण त्यामुळे काही अक्षरांचे उच्चार इंग्रजीपेक्षा अगदी वेगळे झाले. रोमन बी म्हणजे 'म्ब', डी म्हणजे 'न्ड'. जी म्हणजे 'ङ', आपल्या 'वाङ्मय' शब्दातला. क्यू म्हणजे 'ङ्ग', 'रंग' म्हणताना येतो तो. आणि सी म्हणजे जिभेचं टोक दातांमध्ये ठेवून, हवा मोकळी सोडत म्हटलेला मऊ 'द'. इंग्रजीतल्या 'दिस', 'दॅट'मध्ये तो असतो. या लेखात मी त्याला 'द'च लिहितो आहे.

विमानतळाचं शहर लिहितात एन-ए-डी-आय, म्हणतात नान्डी. सिङातोका, म्बेङ्गा, मामानुदा ही नावं नकाशावर वाचून बोलायला गेलात तर ओळखू येणार नाहीत. १८७४ मध्ये बेटं ब्रिटिशांच्या हवाली करणाऱ्या करारावर सही करणारा प्रमुख दाकोम्बाऊ; त्याचं नाव 'काकोबाऊ' असं वाचलेलं ऐकलं की स्थानिक माणूस काही बोलत नाही, पण त्याला ते खटकतं. 'इन्डिया' हा शब्दही ते आय-डी-आय-ए एवढाच लिहितात, कारण 'न' त्या डीमध्येच आहे. तुम्ही कुठले असं विचारलं तर सांगायचं, 'आऊ काई इन्डिया'.

शब्दाच्या सुरुवातीचा 'म' किंवा 'न' इतका हलका असतो की मी 'म्बुला' न लिहिता 'बुला' लिहीन. मधला मात्र स्पष्ट म्हणा. जोर बहुधा शेवटून दुसऱ्या स्वरावर: वि-ना-का. 'ति' हा बऱ्याच जणांच्या तोंडी 'चि'सारखा ऐकू येतो, त्यामुळे 'तिको'चं 'चिको' झालं तर गोंधळू नका. मराठी माणसाला इथे एक मोठा फायदा आहे. आपले क, त, प स्वच्छ, हवा न सोडता येतात आणि फिजियन भाषेला तेच हवे असतात. इंग्रजी बोलणाऱ्याला यासाठी बरेच कष्ट पडतात.

दुसरी पायरी: 'नी'

बहुतेक पुस्तकांत हे मागे कुठेतरी येतं. मी ते सगळ्यात आधी ठेवतो.

'तू'साठी क्रियापदाआधी येतं 'ओ'. दोघांशी बोलताना 'ड्राऊ', तिघाचौघांशी 'डोऊ', आणि त्याहून जास्त लोकांशी 'नी'. हाच 'नी' एकट्या माणसाला आदराने बोलतानाही वापरतात. आपण 'तुम्ही' म्हणतो ना, अगदी तसंच. इंग्रजीतून फिजियन शिकणाऱ्याला ही सवय मुद्दाम लावून घ्यावी लागते. आपल्याला फक्त लक्षात ठेवायचं आहे की ज्याला मराठीत 'तुम्ही' म्हणाल, त्याला इथे 'नी'. वयाने मोठा, अनोळखी, शिक्षक, धर्मगुरू, गावातला कोणीही प्रौढ माणूस. शंका आली तर 'नी'च. लहान मुलांशी आणि जवळच्या मित्रांशी 'ओ' चालतो, आणि मित्राशी सतत 'नी' म्हणत राहिलात तर तो हसून थांबवेल.

'तू' म्हणून नुसतं सर्वनाम वापरायचं असेल तर 'इको', आदराने 'केमुनी'. हाच 'मुनी' शब्दांच्या शेवटीही लागतो. 'तुझं नाव काय'साठी 'ओ देई ना यादामू?', आणि 'आपलं नाव काय'साठी 'ओ देई ना यादामुनी?'. उत्तर 'ना यादाङ्गू ओ...' आणि पुढे आपलं नाव.

अजून एक गोष्ट मराठी माणसाला आपोआप कळते. आपल्याकडे 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे आहेत, फिजियनमध्येही आहेत. बोलावताना समोरच्याला धरून घेणारं रूप वापरतात: दोघांनी जायचं असेल तर 'डारू लाको', तिघाचौघांनी जायचं तर 'तोऊ लाको'. कोणी तुम्हाला 'तोऊ काना' म्हणालं तर 'चला, आपण जेवू' असं निमंत्रण आहे. तुम्ही त्यात आहात.

तिसरी पायरी: भेटल्यावर

'बुला' कुठेही, कधीही चालतं. मोठ्यांना 'नी सा बुला', किंवा पूर्ण 'नी सा बुला विनाका'. सकाळी 'यान्ड्रा', आदराने 'नी सा यान्ड्रा'. हे उन्ह चढेपर्यंतच, नंतर पुन्हा बुला. खुशाली विचारायची तर 'नी वादावा तिको?', आणि उत्तर 'विनाका तिको'. एवढं पुरे.

शहरात नसलं तरी गावाच्या वाटेवर भेटणाऱ्या प्रत्येकाला काहीतरी म्हणायचं असतं. मान खाली घालून निघून जाणं उद्धटपणाचं वाटतं. भुवया किंचित उंचावणं हेही उत्तर आहे, त्याचा अर्थ 'हो'. आपण काही विचारावं आणि समोरच्याने भुवया उडवून गप्प बसावं, तर त्याने उत्तर दिलेलं असतं. पुन्हा विचारू नका. आपली मान डावीउजवीकडे डोलवण्याची सवय मात्र तिथे कोणाला नीट कळत नाही, म्हणून तोंडाने 'इओ' म्हणजे हो, किंवा 'सेङा' म्हणजे नाही, असं म्हणा.

'नी लाको ई वेई?' हा प्रश्न वारंवार येईल. कुठे निघालात? आपल्या गावाकडे पारावर बसलेले लोक विचारतात त्याच भावनेने. सगळा कार्यक्रम सांगायची गरज नसते. 'आऊ ङान्डे', म्हणजे जरा फिरायला, किंवा 'आऊ लाको ई ना माकेते', बाजारात चाललोय. चौकशीमागे आपुलकी असते, त्यामुळे उत्तर टाळू नका.

समोरचा माणूस इताउकेई आहे की भारतीय वंशाचा, हे आधी पाहा. १८७९ ते १९१६ या काळात साठ हजारांवर भारतीय मजूर करारावर फिजीत नेले गेले. त्यांच्या वंशजांची फिजी हिंदी बरीचशी अवधी आणि भोजपुरीतून आलेली आहे. त्यांना 'राम राम', 'नमस्ते', 'सलाम' म्हटलेलं आवडतं. 'बुला' मात्र दोघांनाही चालतं, आणि पुष्कळ फिजी-भारतीयांना इताउकेई भाषा चांगली येते. रोटुमा बेटावरचे लोक भेटले तर त्यांचं 'नोआइआ' वेगळं आहे.

चौथी पायरी: कोणाला काय म्हणावं

अनोळखी पुरुषाला 'तुराङा', बाईंना 'मारामा'. 'नी सा बुला तुराङा' हे दुकानात, बसमध्ये, कार्यालयात कुठेही शोभतं. वाक्याच्या शेवटी 'साका' जोडलं की आदर आणखी वाढतो: 'इओ साका', 'सेङा साका', 'विनाका साका'. आपल्या 'हो जी'तल्या 'जी'चं काम ते करतं. गावात, चर्चमध्ये आणि प्रमुखांशी बोलताना ते हमखास वापरा.

नावाआधी 'रातू' असेल तर तो प्रमुखांच्या घराण्यातला पुरुष, 'आन्डी' असेल तर स्त्री. रेवा भागात दोघांसाठी 'रो' वापरतात. हे नावाचे भाग नाहीत, मान आहेत, त्यामुळे ते गाळून नुसतं नाव घेऊ नका.

वडीलधाऱ्यांना नावाने हाक मारत नाहीत. आईचा भाऊ 'मोमो', वडिलांची बहीण 'नेई' किंवा 'ङानेई'. मामा आणि आत्या ही नाती आपल्याकडेही वेगळी आहेत, म्हणून हे चटकन बसतं. इंग्रजीतल्या अंकल-आंटीने ते कधीच कळलं नसतं. थोरल्या मुलाच्या नावावरून त्याच्या आईवडिलांना ओळखण्याची पद्धतही तिथे आहे. तुमचंच नाव असलेला कोणी भेटला तर तुम्ही दोघं एकमेकांचे 'यादा', आणि ते नातं फार प्रेमाने निभावतात.

'तावाले' हा शब्द पुरुष एकमेकांना मित्रासारखा म्हणताना ऐकाल. मूळ अर्थ मामे-आतेभाऊ. या नात्यात थट्टामस्करी चालते. तसंच काही प्रांतांमधल्या लोकांचं 'ताऊवू' नातं असतं, पूर्वजांच्या देवतांवरून आलेलं, आणि ते एकमेकांना सर्वांसमोर वाटेल ते बोलतात. हे ऐकून तुम्ही तशी मस्करी करायला जाऊ नका. ती त्यांची नात्याने मिळालेली मुभा आहे. याउलट बहीण-भावांमध्ये परंपरेने बोलण्यावर बंधनं असतात. एखाद्या घरात दोघं एकमेकांशी थेट बोलत नसतील तर भांडण झालंय असं समजू नका.

पाचवी पायरी: मागणं आणि आभार

विनंतीसाठी 'केरेकेरे' आणि 'यालो विनाका' हे दोन शब्द. मोठ्यांना 'नी यालो विनाका'. वाक्यात 'मान्डा' घातलं की आज्ञा मऊ होते. 'सोलिआ मान्डा माई ना वाई' म्हणजे जरा पाणी द्या. 'आऊ केरेआ मान्डा...' म्हणजे मी जरा मागतो आहे, आणि पुढे काय हवं ते. हळू बोला असं सांगायचं तर 'नी यालो विनाका, वोसा वाकामालुआ'. हे वाक्य पहिल्या आठवड्यात तोंडपाठ करा. तुम्ही शिकताय हे कळल्यावर लोक खरंच हळू बोलतात आणि चुका प्रेमाने दुरुस्त करतात.

'केरेकेरे' ही रीतही आहे. नातेवाईक एकमेकांकडे वस्तू मागतात आणि नाही म्हणणं कठीण असतं. म्हणून कोणाच्या घरातली चटई, मसी म्हणजे सालीचं छापील कापड, किंवा गळ्यातली माळ यांचं पुन्हा पुन्हा कौतुक करू नका. घरमालकाला वाटतं की ती आता तुम्हाला द्यायला हवी.

आभारासाठी 'विनाका', मोठे आभार 'विनाका वाकालेवू'. बसमधून उतरताना चालकाला, बाजारात बाईंना, गाणं आवडलं तर गायकांना. कोणी तुमचे आभार मानले तर 'सेङा ना लेङ्गा', काही हरकत नाही.

बाजारात 'ए विदा?' म्हणजे कितीला. राजधानी सुव्याच्या मोठ्या बाजारात भाज्या ढिगाने मांडलेल्या असतात आणि ढिगाची किंमत ठरलेली असते. इथे आपल्या मंडईसारखी घासाघीस करू नये. ती इताउकेई बायकांना आवडत नाही, आणि त्यांना नाही म्हणायलाही संकोच वाटतो. शांतपणे घ्या, 'विनाका' म्हणा. 'रोऊरोऊ' मागितलंत तर अळूची पानं मिळतील, 'डालो' म्हणजे अळूचा कंद.

सहावी पायरी: तुलोऊ

एकच गोष्ट शिकायची असेल तर ही.

इताउकेई घरात लोक चटईवर बसतात. बसलेल्या माणसांच्या जवळून, समोरून किंवा मागून जायचं असेल तर कमरेत वाकायचं आणि हळू आवाजात 'तुलोऊ, तुलोऊ', म्हणजे माफ करा, असं म्हणत जायचं. जागेवर पोहोचेपर्यंत म्हणत राहायचं. कोणाच्या डोक्यावरून काही घ्यायचं, फळीवरची वस्तू काढायची, भिंतीवरचा दिवा लावायचा, तेव्हाही आधी तुलोऊ. मग वस्तू घेऊन खाली बसायचं आणि दोन्ही तळहात जरा पोकळ करून, आडवे एकमेकांवर मारून खोल आवाजाची टाळी द्यायची. या टाळीला 'दोम्बो' म्हणतात. आपली नेहमीची टाळी चपटी, कर्कश वाजते; दोम्बो खोलगट वाजते. घरी दोन-चार दिवस सराव केला की येते.

२०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये फिजीने रग्बी सेव्हन्सच्या अंतिम सामन्यात ब्रिटनला ४३-७ हरवलं. देशाचं ते पहिलंच ऑलिंपिक पदक, तेही सुवर्ण. पदकं ब्रिटनच्या राजकन्या अ‍ॅन देत होत्या. एवढे धिप्पाड खेळाडू एकेक करून त्यांच्यापुढे गुडघ्यावर बसले, पदक घेतलं आणि दोम्बो दिली. जिंकल्यानंतरच्या त्या क्षणीही मोठ्या माणसासमोर आपलं शरीर खाली असलं पाहिजे, ही त्यांची शिकवण होती.

डोकं हा शरीराचा पवित्र भाग. लहान मुलाच्याही डोक्यावर हात फिरवू नका, आणि आपल्याकडे हे इतक्या सहज होतं की मी ते मुद्दाम सांगतो. १८६७ मध्ये थॉमस बेकर हा मिशनरी विती लेवू या मुख्य बेटाच्या डोंगरातल्या नाम्बुताऊताऊ गावात मारला गेला. त्याने प्रमुखाच्या केसातला कंगवा काढला म्हणून, अशी आख्यायिका आजही सांगतात. सुव्याच्या फिजी म्युझियममध्ये त्याच्या बुटाचा तळवा ठेवलेला आहे. राजकीय कारणंही त्यामागे होती, पण लोकांनी आठवणीत ठेवलं ते डोक्याला लागलेल्या हाताचं.

घरात शिरताना चपला बाहेर. 'नी दुरू माई' म्हणजे आत या, असं ऐकू आल्यावर वाकून शिरा आणि दाराजवळच्या बाजूलाच थांबा. घराचा वरचा भाग मानाच्या माणसांसाठी असतो, त्यांनी बोलावलं तरच पुढे जा. 'डाम्बे' म्हणजे बसा. पुरुषांनी मांडी घालून, बायकांनी पाय एका बाजूला घेऊन. पाय कोणाकडे पसरायचे नाहीत. मोठे बसलेले असताना उभं राहून बोलायचं नाही, आधी बसायचं मग बोलायचं. मांडी घालून बसणं आपल्याला जमतं, पण तास-दीड तास बसायची तयारी ठेवा.

सातवी पायरी: गावात जाण्याआधी विचारा

'कोरो' म्हणजे गाव. ते एका समूहाचं घर असतं, त्यामुळे सरळ फिरायला शिरता येत नाही. ओळखीच्या माणसासोबत जा. डोक्यावर टोपी नको, काळा चष्मा काढा, पाठीवरची पिशवी हातात घ्या. खांदे झाकलेले, गुडघे झाकलेले. बायका आणि पुरुष दोघांसाठीही 'सुलू' हे गुंडाळायचं वस्त्र उत्तम. रविवार हा 'सिङा ताम्बू'. चर्चचा आणि शांततेचा दिवस. निमंत्रण नसेल तर रविवारी जाऊ नका.

सोबत 'याङ्गोना' न्यायची, म्हणजे कावा; तिच्या मुळांचं पेय करतात. शहरातल्या बाजारात वाळवलेली मुळं मिळतात, त्यांना 'वाका' म्हणतात. अर्धा किलो वर्तमानपत्रात गुंडाळून, दोऱ्याने बांधून घेतली की भेट झाली. पूड नेऊ नका, सोहळ्यासाठी मुळंच हवीत. गावात पोहोचल्यावर 'तुराङा नी कोरो' म्हणजे गावच्या कारभाऱ्याकडे जायचं आणि 'सेवुसेवू' करायचं. मुळं त्याच्या हातात देत नाहीत, त्याच्यासमोर चटईवर ठेवतात. तुमच्या वतीने सोबतचा माणूस बोलतो: हे कोण, कुठून आले, कशासाठी आले. त्या वेळी तुम्ही गप्प, नजर खाली. यजमान मुळांना हात लावून स्वीकारतो, लांब उत्तर देतो, टाळ्या होतात. यानंतर तुम्ही गावाचे पाहुणे. मग बोलायची संधी मिळाली तर 'विनाका वाकालेवू साका' एवढं पुरतं.

पुढे 'तानोआ' या लाकडी परातीत याङ्गोना कालवतात आणि 'बिलो' या करवंटीतून देतात. करवंटी पुढे आली की एकदा दोम्बो, 'बुला!' म्हणा, बिलो घ्या, एका दमात प्या, परत करा, मग तीन वेळा दोम्बो. इतर लोक 'मादा!' म्हणतील, म्हणजे संपली. चव मातकट, जीभ थोडी बधिर होते. कमी हवी असेल तर 'लाईलाई' म्हणा, थोडीच. पहिला बिलो मात्र घ्यावा असं माझं मत आहे. आरोग्यासाठी किंवा व्रतामुळे चालत नसेल तर सोबतच्या माणसाला आधी सांगून ठेवा, तो तुमच्या वतीने शब्द टाकतो. पहिली फेरी झाल्यावर 'तालानोआ' सुरू होतं, गप्पा. तेव्हा जरा सैल व्हायला हरकत नाही.

आठवी पायरी: जेवण

जेवणाच्या वेळी कोणाच्या दारावरून गेलात तर आतून आवाज येईल, 'माई काना!' या, जेवा. ते खरंच बोलावत असतात, पण तुम्ही बसलंच पाहिजे असं नाही. हसून 'विनाका, सा काना ओती', जेवण झालंय, असं सांगा. काही न बोलता पुढे जाऊ नका.

बसलात तर 'मासू' म्हणजे प्रार्थना होईपर्यंत हात लावू नका. पाहुण्यांना आधी वाढतात, घरातले कधीकधी नंतर जेवतात. पोट भरल्यावर 'सा राऊता, विनाका'. चव आवडली तर 'मालेका'.

शाकाहारी लोकांसाठी कामाचं वाक्य: 'आऊ सेङा नी काना लेवे नी मानुमानू', मी मांस खात नाही. गोमांसाला 'म्बुलुमाकाऊ' म्हणतात, तेही लक्षात ठेवा. मासा मात्र मांसात धरत नाहीत, म्हणून 'ईका' म्हणजे मासा वेगळा सांगावा लागतो. हे जेवायला बसल्यावर सांगण्यापेक्षा आदल्या दिवशी सांगा. ताट समोर आल्यावर नाही म्हटलं तर यजमानीण खजील होते. डालो, ताव्हिओका म्हणजे कसावा, आणि 'लोलो' म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेलं रोऊरोऊ हे कोकणातल्या माणसाला मनापासून आवडेल असं जेवण आहे.

नववी पायरी: माफी आणि दुःख

लहान चुकीला 'वोसोती आऊ', मोठ्यांना 'नी वोसोती आऊ'. कोणाच्या दुःखाची गोष्ट ऐकली तर 'इसा' असा हळूच उच्चार करतात, त्यात हळहळही असते, मायाही.

मोठ्या चुकीसाठी नुसते शब्द पुरत नाहीत. तेव्हा 'ताम्बुआ' म्हणजे देवमाशाचा दात घेऊन जातात आणि समारंभपूर्वक क्षमा मागतात. २००३ मध्ये नाम्बुताऊताऊच्या लोकांनी थॉमस बेकरच्या वंशजांना बोलावून, १८६७ मध्ये झालेल्या हत्येबद्दल असाच विधी केला. तुमच्या हातून गावात काही गंभीर घडलं तर स्वतः बोलायला जाऊ नका. तुराङा नी कोरोला किंवा सोबतच्या माणसाला विचारा, ते रीत सांगतील.

कोणी वारलं तर 'रेङुरेङू'साठी, म्हणजे सांत्वनाच्या भेटीला, नातेवाईक चटया, कापड, ताम्बुआ घेऊन जातात. सहकारी म्हणून गेलात तर ऑफिसातल्या गटासोबत जा, काळे किंवा गडद कपडे, आणि बोलायचं काम गटातल्या ज्येष्ठाला करू द्या.

दहावी पायरी: निघताना

उठून सरळ चालू लागू नका. आधी 'आऊ सा लाको मान्डा', मी निघतो आता, असं म्हणा आणि यजमानाच्या उत्तराची वाट पाहा. गावातून निघताना याच गोष्टीचा औपचारिक विधी आहे, 'इताताऊ', त्यातही याङ्गोना लागते. दोन दिवस राहणार असाल तर तेवढी मुळं जास्तीची घेऊन जा. शेवटी 'मोदे', आदराने 'नी सा मोदे'. पुन्हा भेटू म्हणायचं तर 'सोता ताले'.

सराव कसा करावा

पश्चिमेकडे, नान्ड्रोङा भागात, 'बुला'ऐवजी 'दोला' ऐकाल. वानुआ लेवू बेटाच्या काही भागांत लोक 'क' गिळतात, तिथे 'विनाका'चं 'विनाआ' होतं. शाळेत आणि रेडिओवर चालते ती बाऊ बेटाच्या बोलीवर आधारलेली प्रमाणभाषा. तुम्ही ती शिका, ती सगळीकडे समजते. रेडिओ फिजी वन इताउकेई भाषेत आहे, तो स्वयंपाक करताना लावून ठेवा. 'नाई लालाकाई' हे साप्ताहिक बाजारात मिळतं. त्यातल्या शीर्षकांवर अक्षरांचे नियम रोज दहा मिनिटं आजमावले तरी महिन्याभरात वाचन सुधारतं. आणि ऑफिसातल्या एका इताउकेई सहकाऱ्याला सांगून ठेवा की माझ्याशी सकाळचं पहिलं बोलणं वोसा वाकावितीतच करायचं, आणि मी 'नी' विसरलो तर तिथल्या तिथे थांबवायचं.